हरलेल्याचे कर्तव्य

निवडणूक आली की मत कोणाला द्यावे याविषयी आपल्याला चहूकडून सल्ले मिळतात. सभेत मिळतात, चहाच्या दुकानात मिळतात, कधी कधी उपासना संपल्यावर चर्चच्या पायरीवरही मिळतात. निवडून आलेल्याने कसे वागावे हेही त्याला पुष्कळजण सांगतात. परंतु जो हरला त्याने काय करावे, हे सांगायला कोणी जात नाही. त्याच्या दारातला मांडव उतरतो, कार्यकर्ते पांगतात, आणि तो एकटाच आपल्या मनाशी हिशेब करीत बसतो. वास्तविक प्रत्येक निवडणुकीत जिंकणारा एक आणि हरणारे अनेक. तेव्हा हा प्रश्न थोड्यांचा नव्हे, बहुतेकांचा आहे.

प्रश्न असा: निकालाविरुद्ध दाद मागण्याचा कायदेशीर हक्क हरलेल्याच्या हाती असेल, तर तो त्याने बजावलाच पाहिजे काय? की हक्क असूनही तो न बजावणे हेच कधी कधी कर्तव्य ठरते? आणि हक्क सोडणे हा सद्गुण केव्हा, व नुसता दुबळेपणा केव्हा?

हा विचार हवेत राहू नये म्हणून एक घडलेली हकीकत घेऊ. ती दूर देशाची आहे. तरी तीत आपल्या ओळखीचे पुष्कळ सापडेल.

अमेरिकेच्या संसदेचे वरिष्ठ सभागृह म्हणजे सिनेट. आपल्या राज्यसभेचे सभासद विधानसभेतील आमदार निवडतात. अमेरिकेतही पूर्वी तसेच काहीसे होते. परंतु १९१३ पासून तेथे सिनेटच्या जागेसाठी सबंध राज्यातील मतदार थेट मत देतात. राज्य लहान असो वा मोठे, प्रत्येकाला जागा दोनच, आणि मुदत सहा वर्षांची. त्यामुळे एकेका जागेची लढत म्हणजे सगळ्या राज्याची लढत होते.

इ. स. २००० साली मिसूरी राज्यात अशीच एक अटीतटीची लढत झाली. एका बाजूला रिपब्लिकन पक्षाचे जॉन अ‍ॅशक्रॉफ्ट. ते १९८५ ते १९९३ राज्याचे गव्हर्नर होते व १९९४ साली सिनेटवर निवडून आले होते. त्यांचे वडील असेंब्लीज ऑफ गॉड या पंथाचे पाळक होते, आणि स्वतः अ‍ॅशक्रॉफ्ट आपल्या विश्वासाविषयी उघडपणे बोलणारे गृहस्थ. दुसऱ्या बाजूला डेमोक्रॅटिक पक्षाचे मेल कार्नाहान, बॅप्टिस्ट मंडळीचे सभासद. १९९३ पासून गव्हर्नरपदावर तेच होते. गंमत अशी की, त्याआधी चार वर्षे हे दोघे एकाच सरकारात होते; अ‍ॅशक्रॉफ्ट गव्हर्नर आणि कार्नाहान दुय्यम गव्हर्नर. तेथे या दोन पदांची निवड वेगवेगळी होते, म्हणून विरुद्ध पक्षांची माणसे अशी शेजारी येऊन बसतात. दोघांचे फारसे जुळले नाही, आणि २००० सालच्या प्रचारात दोन्हीकडून कडू बोलले गेले.

मतदान ७ नोव्हेंबरला व्हावयाचे होते. १६ ऑक्टोबरच्या रात्री, पावसाळी हवेत, कार्नाहान एका लहान विमानातून प्रचाराच्या कार्यक्रमाला निघाले. विमान त्यांचा मुलगाच चालवीत होता. सेंट लुईस शहराच्या दक्षिणेस ते विमान कोसळले. गव्हर्नर, त्यांचा मुलगा व एक सहकारी असे तिघेही मरण पावले. दुसऱ्याच दिवशी त्याच शहरात अध्यक्षपदाच्या उमेदवारांची जाहीर वादचर्चा ठरली होती. ती सुरू होण्यापूर्वी सर्वांनी काही क्षण स्तब्ध राहून मृतांना आदर दाखविला.

आपल्या देशात मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार मतदानापूर्वी वारला तर मतदान पुढे ढकलतात आणि त्या पक्षाला दुसरा उमेदवार देण्याची संधी मिळते. मिसूरीच्या कायद्यात तशी सोय नव्हती. मतपत्रिकेवरील नाव बदलण्याची मुदत टळून गेली होती. नाव राहिले, माणूस गेला. तेव्हा गव्हर्नरपदावर आलेल्या रॉजर विल्सन यांनी जाहीर केले की, कार्नाहान यांना जास्त मते पडली तर रिकाम्या होणाऱ्या जागेवर आपण त्यांच्या पत्नीची, जीन कार्नाहान यांची, नेमणूक करू. पती आणि पुत्र दोघांनाही एकाच रात्री गमावलेल्या त्या बाईंनी मतदानास थोडे दिवस उरले असताना होकार दिला. मेल यांच्या लोकांनी आपण अजून त्यांच्याच बाजूने आहोत अशा अर्थाचे बिल्ले छातीवर लावले.

अ‍ॅशक्रॉफ्ट यांची स्थिती काय झाली असेल याची कल्पना करा. अपघातानंतर काही दिवस त्यांनी प्रचार थांबविला. पुढे बोलावे तर कोणाविरुद्ध? मृताच्या उणिवा काढणे कोणालाच शोभत नाही, आणि विधवेवर टीका करणे त्याहून नाही. त्यांनी जपून बोलत प्रचार संपविला.

मोजणी झाली. कार्नाहान यांना सुमारे ११ लाख ९१ हजार मते पडली, अ‍ॅशक्रॉफ्ट यांना ११ लाख ४२ हजार. शेकडेवारीने ५०.५ आणि ४८.४. मरण पावलेला उमेदवार सिनेटवर निवडून येण्याची अमेरिकेच्या इतिहासातील ती पहिलीच वेळ.

आता हरलेल्याच्या हाती काय होते ते पाहा. पहिली गोष्ट, अमेरिकेच्या राज्यघटनेत असे म्हटले आहे की, सिनेटर हा निवडून येतेवेळी त्या राज्याचा रहिवासी असला पाहिजे. मेलेला माणूस कोणत्या राज्याचा रहिवासी? या मुद्द्यावर निवडणूकच रद्द ठरते, असे म्हणणारे कायदेपंडित होते. दुसरी गोष्ट, मतदानाच्या संध्याकाळी सेंट लुईस शहरात एका न्यायाधीशाने मतदानाची वेळ तीन तास वाढवून दिली. वरच्या न्यायालयाने थोड्याच वेळात तो हुकूम फिरविला. आणि मधल्या अवधीतल्या मतांवरून रिपब्लिकन पक्षात मोठा संताप होता. म्हणजे भांडायला कारणे होती, वकील होते, पैसा होता. आणि भांडणाचे मोलही थोडे नव्हते. त्या वर्षी सिनेटमध्ये दोन्ही पक्षांच्या जागा ५० आणि ५० अशा समसमान झाल्या. ही एक जागा राहिली असती तर अ‍ॅशक्रॉफ्ट यांच्या पक्षाला निर्भेळ बहुमत होते.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅशक्रॉफ्ट लोकांपुढे आले. लोकांनी आपला कौल दिला आहे, आपण न्यायालयात जाणार नाही, असे त्यांनी सांगितले. आणि या निकालाने श्रीमती कार्नाहान यांना काही सांत्वन लाभावे अशी इच्छा व्यक्त केली.

त्यांनी बरे केले काय? आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण लगेच ‘होय’ म्हणतील. परंतु थोडे थांबावे. या कृत्याविरुद्ध एक सबळ आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ती जागा एकट्या अ‍ॅशक्रॉफ्ट यांची होती काय? ११ लाख ४२ हजार माणसांनी त्यांना मत दिले होते. कोणी रजा काढून, कोणी म्हातारपणी काठी टेकीत. त्यांचा हक्क परस्पर सोडून देण्याचा अधिकार उमेदवाराला कोणी दिला? आपल्या खिशातले दान करणे वेगळे आणि विश्वस्त म्हणून सांभाळायला दिलेले दान करणे वेगळे. दुसऱ्याच्या पैशाने उदार होणाऱ्याला आपण उदार म्हणत नाही.

हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच हक्क सोडणे नेहमीच चांगले असे आम्ही म्हणणार नाही. त्यासाठी एक कसोटी लागते. ती आम्हांला अशी दिसते: तक्रार कशासाठी आहे? लोकांनी काय सांगितले ते नीट कळावे म्हणून आहे, की लोकांनी जे सांगितले ते पुसून टाकता यावे म्हणून आहे?

त्याच ७ नोव्हेंबरच्या रात्री फ्लोरिडा राज्यात अध्यक्षपदाचा निकाल अडकला. तेथे साठ लाखांच्या आसपास मतांत शेवटी फरक राहिला अवघा ५३७ मतांचा. काही मतपत्रिका मोजल्या गेल्या होत्या की नव्हत्या, मतदाराने छिद्र नेमके कोठे पाडले होते, यावरच शंका होती. अल गोर यांनी फेरमोजणी मागितली, न्यायालयात धाव घेतली. त्यांना आम्ही दोष देत नाही. कारण लोकांचा कौल काय हेच तेथे अस्पष्ट होते. ३६ दिवस ते प्रकरण चालले. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय विरुद्ध गेल्यावर, तो आपल्याला पटत नाही हे स्पष्ट सांगूनही, गोर यांनी तो मानला व १३ डिसेंबरला हार पत्करली.

मिसूरीचे तसे नव्हते. तेथे फरक जवळजवळ ४९ हजारांचा होता. वाढीव वेळेतल्या थोड्याशा मतांनी तो भरून निघण्यासारखा नव्हता. आणि लोक फसले होते असेही नाही. कार्नाहान वारले आहेत हे साऱ्या राज्याला ठाऊक होते, त्यांच्या नावापुढे खूण केल्यास कोण जाऊन बसणार हेही ठाऊक होते. कौल स्वच्छ होता. तो कायद्याच्या एका शब्दावर बोट ठेवून रद्द करवून घेणे एवढेच शक्य होते. मतदारांनी उमेदवाराच्या हाती विश्वासाने दिलेले असते ते आपले मत. शेजाऱ्याचे मत मोडून काढण्याचा मुखत्यारपणा त्यांनी दिलेला नसतो. म्हणून अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी जे सोडले ते त्यांचे स्वतःचेच होते, आणि ते सोडणे योग्य होते, असे आम्हांला वाटते.

पवित्र शास्त्राचा वाचक येथे दोन प्रसंग आठवील. करिंथ येथील मंडळीतले लोक एकमेकांवर फिर्यादी करू लागले, तेव्हा पौलाने त्यांना उलट विचारले की, त्यापेक्षा तुम्ही अन्याय सोसून का घेत नाही? (१ करिंथ ६). परंतु हाच पौल फिलिप्पै येथे विनाचौकशी फटके खाऊन तुरुंगात पडला, आणि सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सुटका देऊ केली तेव्हा तो हलेना. आपण रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर काढावे, असा त्याने आग्रह धरला (प्रेषितांची कृत्ये १६). हे दोन पौल आहेत काय? नव्हे. पहिल्या ठिकाणी प्रश्न आपापल्या मिळकतीचा होता. दुसऱ्या ठिकाणी त्याच्या मागे त्या गावात नवीन, दुबळी मंडळी राहणार होती. अधिकारी मनाला येईल तसे वागू शकतात असा पायंडा पडला असता तर तो तिला भोवला असता. स्वतःचा हक्क सोडावा. दुसऱ्याच्या संरक्षणाचा हक्क सोडू नये. भेद इतकाच आहे, परंतु तो विसरला की सहनशीलता भ्याडपणाचे पांघरूण होते.

हाच भेद अ‍ॅशक्रॉफ्ट यांच्याच चरित्रात दुसऱ्या बाजूने दिसतो, आणि तो सांगितला नाही तर आमची हकीकत एकांगी होईल. निवडणुकीच्या आदल्या वर्षी, ५ ऑक्टोबर १९९९ रोजी, सिनेटने रॉनी व्हाइट यांची संघराज्याच्या जिल्हा न्यायालयावरील नेमणूक ५४ विरुद्ध ४५ मतांनी नाकारली. व्हाइट हे मिसूरीच्या सर्वोच्च न्यायालयावरील पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश. हा गृहस्थ गुन्हेगारांना धार्जिणा आहे, असे म्हणून विरोधाची धुरा अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी वाहिली होती. वास्तविक आपल्यापुढे आलेल्या बहुतेक खटल्यांत व्हाइट यांनी मृत्युदंड कायम ठेवला होता. त्यांच्यावर अन्याय झाला असे मानणारे लोक पुष्कळ होते, आणि आम्हीही त्यांत आहोत. पंधरा वर्षांनी, २०१४ साली, तशाच पदावर त्यांची नेमणूक झाली. यावरून घेण्यासारखा धडा आहे. आपली खुर्ची मोठ्या मनाने सोडणारा माणूस दुसऱ्याची योग्यता मान्य करताना आखडता हात घेऊ शकतो. एका चांगल्या कृत्याने माणूस सगळाच चांगला ठरत नाही. आणि एका वाईट कृत्याने त्याचे चांगले कृत्य खोटेही पडत नाही. शब्बाथशाळेत आपण दाविदाची कथा सांगतो ती याच रीतीने सांगतो.

आता जिंकलेल्या बाजूकडे पाहू. निकालानंतर थोड्याच आठवड्यांनी नव्या अध्यक्षांनी अ‍ॅशक्रॉफ्ट यांना देशाचे अ‍ॅटर्नी जनरल नेमण्याचे ठरविले. या नेमणुकीला सिनेटची संमती लागते. १ फेब्रुवारी २००१ रोजी मतदान झाले. ५८ अनुकूल, ४२ प्रतिकूल. त्या ४२ मतांत एक मत होते जीन कार्नाहान यांचे.

केवढा हा कृतघ्नपणा, असे एखादा म्हणेल. ज्याने भांडण न करता जागा सोडली, सांत्वनाचे शब्द बोलला, त्याच्याच विरुद्ध मत? आम्ही यावर पुष्कळ विचार केला, आणि आमचे मत उलट आहे. अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी जे दिले ते परतफेडीच्या बोलीवर दिले नव्हते. तसे असते तर ते देणे नसून उसनवारी झाली असती. आणि जीनबाईंच्या हाती आलेले मत हे त्यांच्या घरचे धन नव्हते. ते मिसूरीच्या लोकांचे होते. स्वतःवरील उपकार लोकांच्या मताने फेडण्याचा त्यांना अधिकार नव्हता. त्यांचा निर्णय बरोबर होता की चूक हा वेगळा प्रश्न; परंतु ऋण म्हणून मत द्यायचे नाही, हे तत्त्व बरोबरच होते. आपल्याकडे पाहुणेर मिळाला, कोणी आजारपणात मदत केली, मुलाला नोकरीला लावून दिले, म्हणून मत देणारी माणसे चांगलीही असतात. त्यांना हे नम्रपणे सांगावेसे वाटते की, उपकार फेडायला आयुष्यात दुसऱ्या शंभर वाटा आहेत. मत ही त्यांतली एक नव्हे.

दोन वर्षांनी, २००२ साली, उरलेल्या मुदतीसाठी निवडणूक झाली. जीन कार्नाहान जिम टॅलंट यांच्याकडून सुमारे २१ हजार मतांनी हरल्या. पूर्वीच्या निम्म्याहून कमी फरक. त्यांनीही हार मान्य केली. ज्या जागेवर त्या एका हरलेल्याच्या सौजन्यामुळे वादाशिवाय बसल्या, ती जागा त्यांनी वादाशिवाय सोडली. पुढे २०२४ साली वृद्धापकाळी त्या वारल्या.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचे काय कौतुक? परंतु त्याच देशात २०२० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर हरलेल्या बाजूने न्यायालयांमागून न्यायालयांत अपयश आल्यावरही निकाल मानला नाही, आणि ६ जानेवारी २०२१ रोजी जमाव संसदभवनात घुसला, हे आपण सर्वांनी पाहिले. निवडणूक ही मतपेटीवर चालते असे आपण समजतो. खरे पाहता ती हरलेल्या माणसाच्या संमतीवर चालते. त्याने ‘मी हरलो’ असे म्हटले नाही तर जिंकलेल्याचा विजयही पुरा होत नाही.

असो. आता घराकडे वळू या, कारण हे सर्व लिहिण्याचे खरे कारण तेथेच आहे. आपल्या देशात निवडणुकीविरुद्ध अर्ज करायचा तर निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात करावा लागतो. आपल्या मंडळ्यांतील भांडणांना असली मुदतच नाही. आम्हांला एक मंडळी ठाऊक आहे. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथे पंचांच्या निवडणुकीत एक गृहस्थ चार मतांनी पडले. यादी तपासता पाच मतदारांची वर्गणी थकलेली निघाली. नियमाने ती मते बाद होत होती. मात्र त्या पाचजणांना साऱ्या मंडळीने वीस वर्षे दर रविवारी बाकावर पाहिले होते. त्यांतल्या दोघी विधवा होत्या, आणि आदल्या वर्षापर्यंत त्यांची थकबाकी कोणी मोजली नव्हती. गृहस्थ न्यायालयात गेले. त्यांच्या बाजूने नियम होता, हे आम्ही नाकारीत नाही. दावा नऊ वर्षे चालला. दोन्ही पक्षांच्या वकिलांची फी शेवटी कोणाच्या दानातून गेली हे सांगायला नको. एका चर्चमध्ये सकाळी दोन वेगळ्या उपासना होऊ लागल्या, एक साडेआठला आणि एक साडेदहाला. शब्बाथशाळेच्या बाईंना एका मुलीने विचारले, “बाई, आम्ही साडेआठचे की साडेदहाचे?” नऊ वर्षांनी निकाल लागला तेव्हा फिर्यादी व प्रतिवादी दोघेही कबरस्थानात होते, एकाच भिंतीच्या आत.

आमची कसोटी येथे लावून पाहावी. त्या पाच बायाबापड्यांनी कोणाला मत दिले हे सर्वांना ठाऊक होते. कौल स्पष्ट होता. तो पुसता यावा म्हणून नियमाचा उपयोग झाला. याउलट, एखाद्या ठिकाणी यादीतून गरिबांची नावे मुद्दाम वगळली असतील, किंवा मंडळीची जमीन कोणी परस्पर विकीत असेल, तर तेथे गप्प बसणाऱ्याने ‘मी अन्याय सोसला’ असे म्हणून स्वतःचे समाधान करून घेऊ नये. अन्याय त्याने सोसलेला नसतो. त्याने तो दुसऱ्यांना सोसायला लावलेला असतो. तेथे अवश्य उभे राहावे, आणि आधी समोरासमोर बोलून, मग मंडळीपुढे आणून, शेवटी गरज पडल्यास न्यायालयातही जावे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती. वर्गात पाठांतराच्या किंवा खेळाच्या स्पर्धा होतात तेव्हा बक्षिसाकडे आपले लक्ष असते. पुढच्या वेळी दुसऱ्या आलेल्या मुलाकडे लक्ष द्यावे. पंचाची चूक झाली असे त्याला वाटत असेल तर त्याला ते निर्भयपणे विचारू द्यावे; उत्तर मिळाल्यावर पहिल्या आलेल्याचा हात हातात घ्यायलाही त्याला शिकवावे. आणि मोठ्या मुलांच्या वर्गात हा प्रश्न ठेवावा: एक अर्धा गुण चुकून जास्त मिळाल्याने तुम्ही जिंकलात असे तुम्हांलाच कळले, तर तुम्ही काय कराल? मुले काय म्हणतात ते ऐकावे; उत्तर देण्याची घाई करू नये.

बेळगाव असो, इंदूर असो, बडोदे असो की हैदराबाद, आपल्या मंडळ्या लहान आहेत. ज्याला हरविले त्याच्याच शेजारी आपल्याला पुढच्या रविवारी बसायचे असते, आणि एकाच प्याल्यातून घ्यायचे असते. पुढच्या वार्षिक सभेला जाताना प्रत्येक उमेदवाराने निवडून आल्यावर काय बोलायचे याची तयारी केलेली असेलच. हरल्यावर काय बोलायचे त्याचीही दोन वाक्ये मनात तयार ठेवावी. बहुधा तीच लागतील.